चीक घाटायला दोघी लागतात

यंदा एका सकाळी जिना उतरताना नाकात तो वास शिरला आणि मी तिसऱ्या पायरीवर थांबले. भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास. शेजारच्या कमलाबाईंनी गहू भिजत घातले होते. म्हणजे एप्रिल आला. आमच्या गल्लीत उन्हाळा कॅलेंडर पाहून कळत नाही. भिंतीच्या कडेला कूलर येऊन बसले, जुन्या खसाचा भुसा नालीतून वाहायला लागला आणि कुणाच्या तरी गंजात, मोठ्या पातेल्यात, गहू फुगला, की समजायचं. जयंतीच्या आधी कुरड्या वाळून डब्यात गेल्याच पाहिजेत, कारण मग गच्च्यांवर निळ्या पताका आणि लाइटच्या माळा चढतात, आणि वाळवणाला जागा उरत नाही.

त्या वासाबरोबर माझ्या पोटातही दरसाल काहीतरी फुगतं. त्याचं नाव घ्यायला लोक लाजतात. मी नाही लाजत. मी जळते. माझ्या जावेवर जळते, तिच्या घरावर, तिच्या दारातल्या कडुनिंबावर, तिच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या शाळेवर. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मला चांगलंच कळतं.

जाऊ म्हणजे प्रज्ञा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. इंदोऱ्यातल्या आमच्या या घरात वरच्या दोन खोल्या तिच्या होत्या, खालच्या दोन माझ्या, आणि स्वयंपाकघर एकच. तेरा वर्षं एका ओट्यावर काढली आम्ही. भांडलो नाही असं नाही, पण भांडण भाजी शिजेपर्यंत टिकायचं. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, बँकेत. आमचे हे कूलर-पंख्यांच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेनं भरून देतात, वाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. बँकेची बदली होते, दुकानाची होत नाही. गिऱ्हाईक गल्लीचं, उधारीसुद्धा गल्लीची. म्हणून पाच वर्षांपूर्वी भाऊजींनी बेस्याला घर घेतलं तेव्हा टेम्पोत त्यांचं सामान चढलं, आणि आम्ही दारात उभं राहून हात हलवले.

एप्रिलच होता तो. गृहप्रवेशाला आम्ही गेलो, शहराच्या या टोकाहून पार त्या टोकाला. आमच्याकडं उन्हाळ्यात हिरवं म्हणजे चौकातल्या सिग्नलवर सावलीला बांधलेली जाळी. तिच्याखाली गाडी थांबवायची आणि दिवा हिरवा होईपर्यंत निसर्गाचा आनंद घ्यायचा. आणि इथं? दोन्ही बाजूंनी झाडं. रस्त्यावर सावलीचे ठिपके. फाटक, फाटकाच्या आत खाटेएवढं गवत. प्रज्ञानं मला चपला काढायला लावल्या.

"उभ्या राहून तं पाहा ना ताई, कसं थंडं लागते."

लागलं थंड. तळपाय थंड झाले आणि डोकं तापलं. मी म्हटलं, "गवतात साप निघते वं. पाहून राहजो." गृहप्रवेशाच्या दिवशी कुणी असं बोलतं का? मी बोलले. भंतेजींनी वंदना घेतली, परित्राण पाठ झाला, सगळ्यांनी खीर खाल्ली, आणि मी खिरीत काजू किती आहेत ते बघत बसले.

माझी पोरगी, मैत्री, तेव्हा सहावी संपवून बसली होती. तिच्या चुलतभावाबरोबर, प्रज्ञाच्या सम्यकबरोबर, ती रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि धापा टाकत म्हणाली, "आई, शाळेले ग्राउंड आहे! आन् लायब्ररीचं दार उघडं राहते, खिडकीतून पुस्तकं दिसते!" तिच्या इकडच्या शाळेत लायब्ररी म्हणजे हेडसरांच्या मागचं कुलूपबंद कपाट. गणिताच्या बाई बाळंतपणाला गेल्या होत्या, त्या वर्षभरात परत आल्या नव्हत्या. पोरगी पाढे माझ्याकडून आणि भूमिती बापाच्या वाइंडिंगच्या कागदांवरून शिकत होती. हुशार होती. आईनं म्हणायचं नसतं, पण होती.

प्रज्ञानं माझ्या पानात पुरी वाढता वाढता म्हटलं, "ताई, मैतूले ठेवा ना माह्याजवळ. शाळा पायी पाच मिनिटं आहे. सम्यकसंगं जाईन-येईन."

"काहून? आमची पोरगी रस्त्यावर पडली का?"

"तसं नाई ताई. दहावीपर्यंतच."

मी पुरी पानातच सोडून उठले. नवऱ्यानं येताना सिग्नलच्या जाळीखाली गाडी थांबवली आणि मागं न बघता विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग काय? नाही." पण आमचे सासरे जिवंत असताना एक वाक्य रोज ऐकवायचे. घरात भाकर कमी झाली तं चालते, वही कमी नाही झाली पाहिजे. त्यांच्या बापानं दीक्षाभूमीवरून परत आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे पोराचं नाव शाळेत टाकलं. सासरे आता भिंतीवरच्या फोटोतून बघतात. त्यांच्यासमोर 'जावेचा राग येतो म्हणून पोरीला चांगल्या शाळेत घालत नाही' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

फॉर्म मीच भरला. घरात अक्षर माझं चांगलं. पत्ता, बेस्याचा. स्थानिक पालकाचं नाव, प्रज्ञाचं. फोन नंबर, तिचाच. मी माझ्या हातानं, वळणदार, माझ्या पोरीच्या पुढं दुसरीचं नाव लिहिलं. हात दाखवून अवलक्षण दुसरं काय असतं! जूनमध्ये ओळखपत्र आलं, निळ्या फितीचं, त्यावर मैत्रीचा फोटो आणि खाली प्रज्ञाचं नाव. शनिवारी ती घरी यायची तेव्हा ते गळ्यातच असायचं. मी आधी ते काढून खुंटीला अडकवायचे, मग तिला जवळ घ्यायचे.

आता मागं वळून बघते तर ती चार वर्षं मला रविवारांचीच आठवतात. मधले सहा दिवस कुणी गाळून टाकले काय माहीत. शनिवारी संध्याकाळी भाऊजी तिला आणून सोडत, रविवारी संध्याकाळी नेत. दर रविवारी पोरगी थोडी वेगळी. एकदा उंच. एकदा नखं नीट कापलेली. एकदा 'मले' गेलं आणि 'मला' आलं. भाजी आधी चमच्यानं वाढून घ्यायला लागली. पाण्याची बाटली वेगळी. कूलरच्या आवाजात झोप येत नाही म्हणाली एकदा. कूलरवाल्याची पोरगी! तिच्या बापानं ऐकलं आणि त्या कूलरच्या पंख्याचं बेअरिंग बदलून टाकलं.

मी काय करायचे? शनिवारी तिच्या डोक्याला एवढं तेल थापायचे की सोमवारी प्रज्ञाला दोनदा धुवावं लागलं पाहिजे. खोटं कशाला बोलू. बेस्याला बोअर आटली, टँकर यायला लागला, हे ऐकलं त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पावसाळ्यात तिथल्या रस्त्याचा चिखल झाला, भाऊजींची गाडी घसरली, फारसं लागलं नाही, तर मी "अरे बाप्पा" म्हटलं, पण मनात काय म्हटलं ते माझं मला माहीत. पालकसभेला प्रज्ञा जायची आणि फोनवर मला सगळं सांगायची. बाई काय म्हणाल्या, मैत्रीनं विज्ञानाचा कोणता नमुना केला, टाळ्या कशा पडल्या. ती चांगल्या मनानं सांगायची. मी ऐकताना भिंतीचा पोपडा नखानं काढत राहायचे. आज तिथं हातभर भिंत उघडी आहे.

आणि एक दिवस मी भांडी घासत होते, मैत्री पलीकडच्या खोलीत फोनवर होती. म्हणाली, "काकू, मी घरी किती वाजता येऊ?"

माझ्या घरात उभी राहून.

मी कढई घासली, परत घासली. आपलेच दात, आपलेच ओठ.

कुरड्यांच्या दिवशी मात्र प्रज्ञा आमच्याकडं यायची. हा एक दिवस माझा. तिच्या गच्चीला लागून दुसऱ्या घराचं बांधकाम चालू होतं, सिमेंटची धूळ उडायची, तिथं वाळवण घालायची सोय नव्हती. आमच्या गच्चीवर ऊन असं पडतं की पापड घातला तर उलटायच्या आधी वाळावा. या गल्लीनं मला दुसरं काही दिलं नसेल, ऊन भरपूर दिलं. तीन दिवस मी गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून, गाळून चीक बसवायचे. आणि पहाटे प्रज्ञा स्कूटरवर मैत्रीला मागं बसवून यायची, पदर खोचत जिना चढायची, जशी काही इथून कधी गेलीच नव्हती.

चीक घाटणं एकटीचं काम नाही. पाण्याला उकळी आली, मीठ-हिंग पडलं, की एकीनं चीक धारेनं सोडायचा आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं घाटत राहायचं. धार तुटली तरी गाठ, हात थांबला तरी गाठ. सासूबाई सांगायच्या, घराला आग लागली तरी चीक शिजेपर्यंत हलायचं नाही. सोडायची प्रज्ञा, घाटायची मी. तिच्या हाताला काय आहे कोण जाणे, धार अशी पडते, सुईत ओवता यावी.

गेल्या वर्षीचा तो दिवस मी विसरत नाही. मैत्रीची दहावीची परीक्षा झालेली. चार वर्षं मी बोटं मोजली होती, दहावीपर्यंत म्हणून. तिच्यासाठी खालची मागची खोली रिकामी केली होती, वाइंडिंगच्या तारांची पोती काढून. खिडकीत मनीप्लांट लावला होता बाटलीत. हिरवं पाहिजे ना, घ्या हिरवं. मैत्री खाली प्लॅस्टिकचे कागद पुसत होती. वर आम्ही दोघी, गॅसची शेगडी, आणि पूर्वेला नुसतं तांबडं. प्रज्ञानं धार सोडली, मी दांडा फिरवायला लागले.

"ताई, एक बोलू?"

"बोल."

"मैतूले अकरावी-बारावी तिकडंच करू द्या ना. त्याच शाळेत आहे पुढचं. तिले आता काढलं तं मोडन सगळं."

"तिनं सांगतलं का तुले?"

"तिनं कुठी सांगतलं! ती काहीच नाही म्हणत. तुमच्यापाशी नाही, माह्यापाशी नाही. म्हणून तं मी म्हणून राहिली."

माझ्या तोंडातून जे निघालं ते चार वर्षं आत आंबत होतं. "तुले एकच लेकरू झालं, त्याच्यात माही काय चूक वं? माही पोरगी काहून पाहिजे तुले? झाडं घेतली, शाळा घेतली, पोरगीबी घेतली. आता काय राहिलं माह्यापाशी? हा दांडा?"

सम्यकनंतर तिची दोन बाळंतपणं फुकट गेली होती. दवाखान्यात तिच्या उशाशी मीच बसले होते. मला हे माहीत असताना मी बोलले. वाफ आमच्या दोघींच्या मधे होती, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. दुसरी असती तर गंज आपटून निघून गेली असती. पण तिच्या हातात धार होती आणि माझ्या हातात दांडा. सासूबाईंनी आम्हाला असं शिकवून ठेवलं होतं की जायची सोयच नव्हती. तिची धार तुटली नाही.

धारेवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुमचा कुरड्यांचा डबा ती कुठी ठेवते, माईत आहे? कपाटात. पुस्तकाच्या मागं. किल्ली सोताजवळ ठेवते. सम्यकले हात लावू देत नाही, मले नाही. महिन्यातून एक काढते आन् सोताच तळते. एकडाव मी बाजारातून कुरड्या आणल्या. तळून पानात वाढल्या, म्हटलं तुह्या आईच्याच आहे. तिनं एक घास घेतला. ताई, पानाच्या कडेले ठेवून देल्ली अन् वरणभात खाऊन उठली." तिनं नाक ओढलं. "चार वर्षं वेण्या मी घातल्या. ताप आला तं उशाशी मी बसली. अन् कुरडई तुमची. तुम्ही एकट्याच जळता का? मी नाही जळत?"

दांडा जड व्हायला लागला होता, चीक चकाकायला लागला होता, म्हणजे शिजत आला. मी एवढंच म्हटलं, "संपला का? खरवडून टाक."

तेवढ्यात मैत्री वाटी घेऊन वर आली. गरम चीक खायला ती लहानपणापासून अशी येते. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग काकूकडं.

"काय झालं?"

"वाफ गेली डोळ्यात," प्रज्ञा म्हणाली.

"दोघींच्याही?"

"मोठा गंज आहे," मी म्हटलं. "आण ती वाटी."

मी त्यात साखर घालायला गेले, दूध-साखर, तिला आवडतं तसं. ती हळूच म्हणाली, "आई, मी आता तेल-तिखट घेते." मी डबा बाजूला ठेवला. प्रज्ञानं तिखटाचा डबा पुढं केला नाही, मुद्दाम गच्चीच्या कठड्याकडं जाऊन उभी राहिली. मीच तिखट घातलं, वरून कच्चं तेल. जास्त झालं. तिनं खाल्लं.

जूनमध्ये अकरावीचा फॉर्मही मीच भरला. स्थानिक पालक. प्रज्ञाचं नाव. अक्षर पहिल्यासारखं वळणदार आलं नाही, पण वाचता येत होतं. मागच्या खोलीत तारांची पोती परत गेली. मनीप्लांट मात्र वाढला, मेला नाही.

तर हे सगळं यंदा त्या सकाळी जिन्यात आठवलं आणि मी घरात येऊन कोठीतून गहू काढले. निवडायला बसले तोच फोन. मैत्री.

"आई, यंदा तू गहू नको भिजवू. इकडचं बांधकाम संपलं, धूळ नाही आता. आम्ही इकडेच करतो. तुझा खांदा दुखतो ना."

"घाटणार कोण?"

"मी."

"आन् सोडणार?"

"काकू."

दोघी झाल्या. तिसरीचं तिथं काम काय? मी म्हटलं, "बरं. मीठ बेतानं टाकजा." फोन ठेवला आणि बसले तशीच, सूप मांडीवर घेऊन. झाडं गेली तेव्हा एवढं लागलं नव्हतं. पोरगी गेली तेव्हा म्हटलं शाळेसाठी आहे. आता माझा दांडासुद्धा बेस्याला गेला, आणि पोरीनं तो माझ्या खांद्याची काळजी म्हणून नेला. भांडायची सोय ठेवली नाही.

हट्टानं मी गहू भिजवलेच. कमलाबाईंना हाक मारली असती तर धावत आल्या असत्या, पण मग गल्लीभर झालं असतं की पोरीनं आईला वगळलं. चौथ्या दिवशी पहाटे नवऱ्याला उभं केलं गंजाशी. "नुसती धार सोडा, बाकी मी पाहते." कूलरचा सीझन, हाताला ग्रीस. सोडली त्यानं, अर्धा गंज बरी सोडली. मग खालून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, मोटर झाली का? लेकरू घामानं भिजून राहिलं!" आणि हा माणूस भांडं तसंच ठेवून जिना उतरला. गाठी! ही अशी बोराएवढी. तो चीक आम्ही दोन दिवस खाल्ला, दूध-साखर घालून. एकही कुरडई झाली नाही.

शनिवारी संध्याकाळी मैत्री आली. हातात स्टीलचा डबा. ओळखपत्र तिनं आल्याबरोबर स्वतःच काढलं आणि खुंटीला अडकवलं. मला वाटायचं तिला हे कळत नसेल.

"घाटताना हात थांबला माझा, मधेच," ती म्हणाली. "खांदा भरून आला. तू कशी करायचीस गं एवढी वर्षं?"

मी डबा उघडला. एक कुरडई मोडून कच्चीच तोंडात टाकली. मीठ जरा जास्त. एका बाजूला जाड, तिथं बारीक गाठ. तिथंच थांबला असणार हात. बाकी सगळी गुळगुळीत, एकसारखी, धार कुठंही तुटलेली नाही. प्रज्ञाचा हात मी जगात कुठंही ओळखीन. जळफळाट झाला माझा, आणि तरी मी ती गाठ दाताखाली किती वेळ धरून ठेवली.

"तळून पाहायची का?" मैत्रीनं विचारलं.

"पाहू मंग."

रविवारी संध्याकाळी भाऊजी तिला घेऊन गेले. नवरा दुकान आवरून जेवायला बसला, पानात वरण-भात. डबा त्याला दिसला.

"तळ ना वं दोन-चार."

"नाही."

"काहून?"

"संपतीन."

"संपाच्यासाठीच केल्या ना तिनं?"

"बाजारातून आणा तुम्ही. त्या तळून देतो."

मी डबा उचलला, कपाट उघडलं, साड्यांच्या पार मागं ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.